त्सुनामीचा इशारा आला तर आपल्या गावातून सड्यावर किती वेळात पोचू?

सड्यावरचा

मंडळी, गेल्या रविवारी मी एक गोष्ट चालून पाहिली. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावात, पुळणीपासून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यापासून, दोनशे पावलांवर. घरातून निघून मागच्या पाखाडीनं (दगडी पायऱ्यांच्या वाटेनं) सड्यावरच्या, म्हणजे वरच्या सपाट पठारावरच्या, शाळेत पोचायला मला ११ मिनिटं लागली. मग तीच वाट आत्याला घेऊन चाललो. आत्या ७८ वर्षांची, एक गुडघा पार गेलेला. तिला ३९ मिनिटं लागली. तीनदा बसली. मधल्या वळणावर घाणेरीनं वाट एवढी धरली होती की मला पुढे होऊन फांद्या हातानं धरून ठेवाव्या लागल्या. आणि वर शेवटच्या टप्प्यावर कलमांच्या बागेचं फाटक, त्याला कुलूप.

हे सुचलं ते जुलैमुळे. ३० जुलै २०२५ ला रशियात कामचाटकाजवळ ८.८ चा भूकंप झाला आणि जपानच्या किनाऱ्यावर जवळजवळ २० लाख लोकांना उंचावर जायला सांगितलं गेलं. बातम्यांत छपरांवर आणि टेकड्यांवर शांतपणे बसलेली माणसं दिसत होती. आत्यानं विचारलं, "आपल्याला सांगितलं तर आपण कुठं जायचं रे?" मला उत्तर देता आलं नाही.

'आपल्याकडे त्सुनामी येत नाही' असं गावात सगळेच म्हणतात. पण आलेली आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या पसनी बंदरासमोर, मकरानच्या समुद्रात साधारण ८.१ चा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठला मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे २ मीटरची लाट पोचली. मुंबईत १५ माणसं गेल्याची नोंद आहे. तेव्हा किनाऱ्यावर वस्ती किती होती आणि आज किती आहे, हे तुम्हीच मनाशी मोजा.

त्या नोंदीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेळ. भूकंप ते लाट, जवळजवळ पावणेपाच तास. पसनी ते मुंबई अंतर अकराशे-बाराशे किलोमीटर. खोल समुद्रात, म्हणजे ४००० मीटर पाण्यावर, त्सुनामी ताशी ७०० किलोमीटरनं धावते. त्या हिशोबानं दोन तासांतच यायला हवी होती. पण मुंबईसमोर उथळ समुद्राचा पट्टा जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे आणि पाणी उथळ झालं की लाट मंदावते. ७० मीटर खोलीवर तिचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो. तो एवढा पट्टा ओलांडायलाच तिला तीन तासांहून जास्त लागतात. आपल्याला हाताशी वेळ मिळतो तो या उथळ समुद्रामुळे.

म्हणजे मकरानच्या लाटेसाठी आपल्याकडे तास आहेत, पण आत्याच्या वाटेवर कुलूप आहे. आपापल्या गावात कुणी अशी वाट चालून पाहिली आहे का? वाटेत काय अडलं? लिहा, प्लीज.

माडाचीवाडी

फार गरजेचा विषय. आमच्याकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूचा पट्टा, त्यावर सगळं गाव. सडा खाडीपलीकडे. जायला एकच पूल, तोही अरुंद. तुमचा धागा वाचून पहिल्यांदाच जाणवलं की आमची उंचावर जायची वाट पाण्यावरून जाते.

नकाशेवाला

दादा, चालून मोजलंत हे फार चांगलं केलंत. मी जमिनीच्या उंचीच्या नकाशांवर काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बरेच जण (काही सरकारी अहवालसुद्धा) असं करतात की नकाशावर ५ मीटरची समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा) काढायची, तिच्याखालचं सगळं निळं रंगवायचं आणि त्याला धोक्याचा नकाशा म्हणायचं. ही बादलीत पाणी भरण्याची पद्धत झाली. त्सुनामी बादलीसारखी भरत नाही, ती वाहत येते. सपाट मोकळ्या पुळणीवरून ती आत शिरते तशी दाट वस्तीतून शिरत नाही. अरुंद खाडीच्या तोंडातून घुसली की मात्र पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि ते आतल्या बाजूला चढतं. म्हणून गणितात समुद्रतळाची खोली लागते, जमिनीचा चढ लागतो, जमिनीचा खडबडीतपणा लागतो, आणि लाट कुठून, केवढ्या भूकंपातून निघाली याचं गृहीतकही लागतं. मकरानची भेग सुमारे ८०० ते ९०० किलोमीटर लांब आहे. १९४५ ला तिचा पूर्वेकडचा तुकडाच सरकला. सगळी एकदम सरकली तर भूकंप ९ च्या घरात जाऊ शकतो, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. तसं होईलच असं कुणी म्हणत नाही. पण बाहेर पडायची वाट ठरवताना गणितात तो मोठा आकडा धरायचा. १९४५ चा दोन मीटर हा आपल्याला माहीत असलेला एक प्रसंग आहे, वरची मर्यादा म्हणून तो धरता येत नाही.

आता कोकणापुरती एक गोष्ट, जी फारशी कुठे बोलली जात नाही. फुकट मिळणाऱ्या उपग्रहाच्या उंचीच्या माहितीत रडारला जमीन दिसत नाही, झाडांचे शेंडे दिसतात. आपल्या किनाऱ्यावर पुळणीला लागून माड-पोफळीच्या बागा. त्यामुळे नकाशात गाव खऱ्यापेक्षा कित्येक मीटर उंच भरतं. मी स्वतः एका गावाचा असा नकाशा पाहिला, त्यात भरतीच्या पाण्याला लागून असलेली वाडी चक्क ९ मीटरवर दाखवली होती. त्या नकाशावरून 'हे गाव सुरक्षित' असा शिक्का मारला असता तर? प्रत्यक्ष जमीन मोजल्याशिवाय किंवा विमानातून लेझरनं मोजलेली माहिती मिळाल्याशिवाय मी तरी त्या रंगांवर विश्वास ठेवणार नाही.

माडाचीवाडी, तुमच्यासारखंच गाव केरळात कोल्लम जिल्ह्यात आहे, आलप्पाड. समुद्र आणि कायलाच्या (किनाऱ्यालगतच्या खाडीसारख्या पाण्याच्या) मधली पट्टी. २००४ ची लाट श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आली, तेव्हा केरळात सगळ्यात जास्त माणसं तिथेच दगावली. एवढं गाव त्या अरुंद पट्टीवरून वेळेत पलीकडे जाणं अवघड होतं. पुलाची रुंदी आणि तो किती वेळात किती माणसं पार करवेल, हे तुमच्या आराखड्याचं पहिलं पान असायला हवं.

अनिरुद्ध_प

विषयाबद्दल आदर राखून एक वेगळं मत मांडतो. १९४५ नंतर ८० वर्षं झाली. या काळात किनाऱ्यावर माणसं मेली ती वादळांनी आणि पावसानं. २२ जुलै २०२१ ला तळियेत दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली, त्याच दिवशी चिपळूण पाण्यात होतं. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळ. गावाकडे वेळ आणि पैसा मर्यादित असतो. तो ८० वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटावर घालवायचा का? आधीच घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणखी एक भीती कशाला?

सड्यावरचा

अनिरुद्धजी, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, म्हणूनच मी भिंत किंवा यंत्रणा मागत नाही. घाणेरी तोडायला दोन कोयते, खुणेसाठी एक रंगाचा डबा आणि फाटकाच्या कुलपाच्या दोन जादा चाव्या लागतात. तळियेचं नाव घेतलंत ते बरं केलंत. पावसाळ्यात आमच्या पाखाडीचा एक भाग भिजून सुटतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे जमायची जागा सड्याच्या कडेला नको, आत शाळेच्या पटांगणावर हवी, आणि पावसाळ्यासाठी दुसरी वाट बघावी लागेल.

घाबरण्याबद्दल एवढंच सांगतो, की आत्या वर पोचल्यावर खूश होती. "आता माहीत तरी झालं," म्हणाली.

मीनल_सेंदाई

मी १४ वर्षं जपानमध्ये सेंदाईत राहते. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर इथे आले, त्यामुळे तो दिवस पाहिला नाही, पण त्या दिवशी ज्यांनी माणसं गमावली त्यांच्यात राहते. दोन जागांबद्दल लिहायचं आहे.

पहिली, इशिनोमाकीची ओकावा प्राथमिक शाळा. समुद्रापासून जवळजवळ ४ किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठी. धोक्याच्या नकाशात ती पाणी येणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर होती, उलट लोकांनी आसरा घ्यायची जागा म्हणून नेमलेली होती. भूकंप दुपारी २:४६ ला झाला. मुलं पटांगणावर जमली आणि तिथेच साधारण ५० मिनिटं थांबली, कारण पुढे कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. शाळेमागेच डोंगर होता. लाट नदीतून वर आली. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयानं सांगितलं की नकाशात जागा सुरक्षित दाखवली होती एवढं पुरेसं नव्हतं, शाळेनं आणि प्रशासनानं आधीच नीट आराखडा करायला हवा होता. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. मी त्या शाळेच्या पडक्या भिंतींसमोर उभी राहिले आहे. डोंगराकडे जाणारी वाट मुलांच्या पायांनाही काही मिनिटांचीच आहे. त्या लाटेचं पाणी किताकामीतून जवळजवळ ४९ किलोमीटर आत गेलं होतं. खाडीकाठच्या गावांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरी जागा, कामाइशीचा उनोसुमाई भाग. तिथे सखल भागात एक दुमजली आपत्ती निवारण केंद्र होतं. खरी ठरलेली जागा उंचावर होती, पण म्हाताऱ्यांना चढायला त्रास नको म्हणून सरावाच्या दिवशी लोकांना खालच्या केंद्रात जमवायचे. ३ मार्चला तसा सराव झाला. आठच दिवसांनी खरा भूकंप झाला आणि लोक सवयीनं तिथेच गेले. पाणी दुसऱ्या मजल्यावर छतापर्यंत चढलं. शंभराहून जास्त माणसं तिथे दगावली. त्याच उनोसुमाईत शाळेची मुलं मात्र वाचली. ती ठरलेल्या जागेवर पोचली, तिथली दरड बघून आणखी वर गेली, मग आणखी वर. मोठी मुलं लहानांचे हात धरून धावली. त्या किनाऱ्यावर 'तेंदेन्को' म्हणतात, प्रत्येकानं कुणाची वाट न बघता आपापलं उंच जागी निघायचं. ऐकायला कठोर वाटतं. पण आई शाळेत मुलाला शोधायला धावत नाही, कारण तिला खात्री असते की तो वर गेलेला आहे. ती खात्री आधीच्या बोलण्यातून येते.

म्हणून दादा, आत्यांसाठी सराव सोपा करू नका. ३९ मिनिटं लागली तर ३९ लिहा, आणि मग ती कमी कशी होतील ते बघा.

सड्यावरचा

मीनलताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. माझ्या मनात खरंच आलं होतं, की आत्यापुरती ग्रामपंचायतीच्या दुसऱ्या मजल्याची सोय करू. ग्रामपंचायत खाडीकाठी आहे.

दर्यावर्दी_खारवी

आमचं घराणं तीन पिढ्या मासेमारीत. वर कुणी लाटेआधी पाणी मागे हटतं ते लिहिलं नाही, म्हणून लिहितो. २००४ ला तमिळनाडूत कितीतरी लोक उघडा पडलेला तळ बघायला पुढे गेले. आपल्याकडे यात एक फसगत आहे. आपल्या पुळणीवर रोजच ओहोटीला पाणी लांब जातं. बाहेरून आलेल्या पर्यटकाला हे नेहमीचं की विचित्र, कसं कळणार? आम्हाला कळतं, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. भरतीच्या वेळी पाणी हटायला लागलं, किंवा पाव तासात दोनदा आत-बाहेर झालं, तर काहीही न विचारता पळायचं. हा हिशोब आता आमच्यातल्या पोरांनाही येत नाही. शाळेत शिकवायला हवा.

आणि पाणी नेहमी आधी हटतंच असंही नाही. कधी पहिली लाट चढतीच येते. पहिली छोटी आली म्हणून परत खाली उतरायचं नाही, पुढची मोठी असू शकते आणि हे तासन्‌तास चालतं.

होड्यांचं सांगतो. इशारा आल्यावर धक्क्यावर होडी सोडवायला धावू नये. आमच्यात हे पटवणं सगळ्यात कठीण, कारण होडी म्हणजे कर्ज. पण त्सुनामीत सगळा जोर उथळ पाण्यात आणि बंदराच्या तोंडाशी असतो. आधीच खोल समुद्रात असलेल्यांनी तिथेच थांबावं, बंदराकडे वळू नये. खोल पाण्यात ती लाट होडीखालून निघून जाते, कळतसुद्धा नाही. बिनतारीवरून तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) हा निरोप कोण देणार ते आधी ठरवून ठेवावं.

वेसावची_लेक

१९४५ च्या नोंदीत आमचं वेसावं (वर्सोवा) आहे. मासे धरायला गेलेली पाच माणसं वाहून गेली. हाजी अलीला सहा. दांडा आणि जुहूला होड्यांचे दोर तुटले. आमच्या कोळीवाड्यात आज कुणाला विचारलं तर कुणालाच ठाऊक नाही. मीही पंचविशीनंतर वाचलं.

आमच्याकडे सडा नाही. अंधेरीकडे पळायचं म्हटलं तर एक रस्ता, आणि त्याची रोजची अवस्था तुम्ही जाणता. आम्ही काय करायचं?

नकाशेवाला

ताई, सपाट शहरात उत्तर 'वर' हेच आहे, फक्त डोंगराऐवजी इमारतीत. पक्क्या काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीचा तिसरा किंवा त्याहून वरचा मजला. तळमजला वाहनतळासाठी खांबांवर मोकळा असेल तर आणखी बरं, पाणी अडत नाही, निघून जातं. विटांच्या भिंतींवर उभ्या जुन्या इमारती नकोत. अगदी वाळूवर, लाटेच्या पहिल्या रांगेतली इमारतही टाळावी, पाणी पायाखालची वाळू खरवडून नेतं. २००४ नंतर इंडोनेशियात बांदा आचेहमध्ये खास अशा निवाऱ्याच्या इमारती बांधल्या. तुमच्याकडे इमारती आधीच उभ्या आहेत. कोळीवाड्याच्या मागच्या सोसायट्यांशी बोलून ठेवणं एवढंच उरतं, की त्या दिवशी फाटक उघडं राहील आणि रखवालदार कुणाला अडवणार नाही. लिफ्ट नाही, जिना. आणि गाडी अजिबात काढायची नाही.

माडाचीवाडी

इशारा नक्की कसा येतो? आमच्याकडे निसर्ग वादळानंतर कितीतरी दिवस मोबाईल बंद होता. सगळं मोबाईलवर असेल तर कसं होणार?

नकाशेवाला

हैदराबादला भारताचं त्सुनामी इशारा केंद्र आहे, १५ ऑक्टोबर २००७ पासून, चोवीस तास चालू. मोठा भूकंप झाला की साधारण १० मिनिटांत पहिली सूचना निघते. लाट तासाभरात पोचेल अशा भागांना भूकंपाच्या माहितीवरच इशारा देतात. लांबच्या भागांना आधी लक्ष ठेवायला सांगतात, मग समुद्रातल्या बोयांनी (तरंगत्या मापकांनी) आणि भरतीमापकांनी लाट खरी आहे असं दाखवलं की दर्जा वाढवतात. मकरानच्या बाबतीत महाराष्ट्र दुसऱ्या गटात मोडतो. म्हणजे पहिली सूचना सौम्य असली म्हणून झोपू नये. लाल म्हणजे जागा सोडा, केशरी म्हणजे किनारा आणि सखल भागापासून दूर राहा, पिवळा म्हणजे सावध राहा.

इथे आपल्यासाठी एक अडचण आहे. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेपासून 'स्मोंग'ची (तिथल्या भाषेत त्सुनामीची) गोष्ट आजीकडून नातवाकडे जाते. जमीन जोरात हलली की डोंगर गाठा. २००४ ला त्या जवळजवळ ७८ हजारांच्या बेटावर लाटेनं अगदी मोजकी माणसं गेली. पण मकरान आपल्यापासून इतकं दूर आहे की कोकणात जमीन हललेली कदाचित कळणारही नाही. जमिनीची खूण आपल्याला मिळणार नाही, म्हणून सरकारी निरोपावर आपण जास्त अवलंबून आहोत. तो हैदराबादहून मुंबईत मंत्रालयात, तिथून जिल्ह्यात, तहसीलदाराकडे आणि मग पोलीस पाटलापर्यंत येतो. पहिले टप्पे यंत्रांचे आहेत, झटकन होतात. पोलीस पाटलापासून शेवटच्या घरापर्यंतचं अंतर गावानं ठरवायचं आहे.

दर्यावर्दी_खारवी

आमच्याकडे देवळात लाउडस्पीकर आहे आणि मशिदीत भोंगा आहे. वीज गेली तर देवळाची घंटा. दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून एकच खूण ठरवली तर पाच मिनिटांत दोन्ही मोहल्ल्यांत कळेल. रात्रीचा विचार आधी करा. मासळी सुकवणाऱ्या बायका पहाटे पुळणीवर असतात, त्यांच्याकडे मोबाईल नसतो.

ओदिशाकर_मराठी

भुवनेश्वरला नोकरी करतो. इथल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगानं 'त्सुनामी रेडी' ठरवलं, देशात पहिली. १२ निकष आहेत, पण गावात बघायला गेलं तर गोष्टी साध्याच. धोक्याचा नकाशा चौकात लावलेला, वाटांवर बाणांच्या पाट्या, कोणत्या घरात कुणाला उचलून न्यावं लागेल याची यादी, आणि नियमानं सराव. मला ती यादी सगळ्यात आवडली.

सड्यावरचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. ५ नोव्हेंबरला, त्सुनामी जागृती दिनाला, आम्ही चाललो. २३ घरं, ८१ माणसं. आधीच्या रविवारी सात जणांनी पाखाडी साफ केली, दगडांवर पांढरे बाण काढले. बागेच्या मालकांशी बोललो, ते लगेच तयार झाले. फाटकाची एक चावी आमच्याकडे, एक समोरच्या घरात. यादीत सहा माणसं उचलून न्यायची निघाली. त्यातल्या दोघांचा मला लहानपणापासून शेजार आहे, तरी त्यांना जिना उतरता येत नाही हे आता कळलं.

आत्यासाठी जुन्या वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधून डोली केली. चार पोरं, वळणावर अदलाबदल. १६ मिनिटं. शेवटचं माणूस वर पोचलं तेव्हा ३१ मिनिटं झाली होती. उशीर झाला तो दोन ठिकाणी. एक कुटुंब गुरं सोडायला थांबलं. आणि किनाऱ्यावरच्या एका लॉजमधल्या पर्यटकांना काय चाललंय ते सांगणारं कुणीच नव्हतं, ते आमच्यामागे उशिरा आले. आता लॉजच्या खोल्यांत दारामागे वाटेचा नकाशा लावायचं मालकांनी कबूल केलंय. गुरांचं अजून ठरलेलं नाही. दावी आधीच सोडून ठेवावीत की कापून टाकावीत, कुणाकडे अनुभव असेल तर सांगा. पुढचा सराव रात्रीचा घेणार आहोत, पौष अमावास्येला.

मीनल_सेंदाई

दादा, रात्रीच्या सरावात वाटेवरच्या बाणांना चमकणारा रंग लावून बघा. इथे तसं करतात. आणि आत्यांना माझा नमस्कार सांगा.